अठरा मिनिटांचा न्याय

दहावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतील मुलांची पुढची वाट बहुधा आधीच आखलेली असते: वाणिज्य शाखा, त्यानंतर सी. ए. किंवा एम. बी. ए., आणि शेवटी पेढी. अहिल्यानगर येथील एका आडत व्यापाऱ्याच्या नातीने अकरावीला इतिहास हा विषय घेतला, तेव्हा म्हणूनच घरात पंधरा दिवस कुजबुज चालली होती. "इतिहासाचं दुकान कुठे मांडणार?" असे काकांनी हसत विचारले. त्या हसण्यात थोडी काळजीही होती. आजोबांनी "शिकू द्या तिला" एवढेच म्हणून विषय संपविला. घरात त्यांचा शब्द अखेरचा.

बारावीच्या जानेवारीत प्री-बोर्ड परीक्षा झाली आणि इतिहासाची उत्तरपत्रिका घरी आली. ८० पैकी ४३ गुण. मुलगी रडली नाही, पण त्या दिवशी नीट जेवलीही नाही. आजोबांनी उत्तरपत्रिका मागून घेतली, चष्मा लावला आणि मुनीमजींनी आणलेली वही तपासावी तशी ती पान उलटून उलटून तपासली. आठ गुणांचे पहिले उत्तर पाच पानांचे होते. दुसरे साडेतीन पानांचे. तिसऱ्या उत्तराच्या फक्त सात ओळी, आणि आठवी ओळ अर्ध्यावर तुटलेली. नकाशाचा प्रश्न कोराच. पाच पानांच्या त्या पहिल्या उत्तराला ८ पैकी ४ गुण होते आणि समासात बाईंचा लाल शाईतील शेरा होता: 'माहिती पुष्कळ. उत्तर कोठे आहे?'

"दादाजी, मला सगळं येत होतं," नात म्हणाली. "वेळच पुरला नाही."

"वेळ पुरला नाही, की वेळ वाटला नाही?" आजोबांनी विचारले.

मुलीजवळ उत्तर नव्हते. आजोबांनी पाटीवजा जुने कॅलेंडर उलटे केले आणि पेन्सिल घेतली.

सी. बी. एस. ई.च्या बारावीच्या इतिहासाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. अलीकडच्या आराखड्यानुसार एकूण ३४ प्रश्न असतात. एकेक गुणाचे २१ बहुपर्यायी प्रश्न, तीन गुणांचे सहा लघुत्तरी, आठ गुणांचे तीन दीर्घोत्तरी, चार गुणांचे तीन उताऱ्यांवरील प्रश्न, आणि पाच गुणांचा एक नकाशा. तीन तास म्हणजे १८० मिनिटे. १८० भागिले ८०, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. या दराने आठ गुणांच्या उत्तराला १८ मिनिटे, चार गुणांच्या उताऱ्याला ९ मिनिटे आणि तीन गुणांच्या उत्तराला पावणेसात मिनिटे येतात. बहुपर्यायी प्रश्नांना हिशेबाने सत्तेचाळीस मिनिटे मिळतात, परंतु अभ्यास झालेला विद्यार्थी ते पंचवीस मिनिटांत उरकू शकतो. वाचलेली वीस-बावीस मिनिटे ही शिल्लक. ती कोठे खर्च करावयाची हे आधी ठरलेले असावे. राज्य मंडळाचा बारावीचा इतिहासाचा पेपरही ८० गुणांचा व तीन तासांचाच असतो. प्रश्नांची मांडणी निराळी असली, तरी हा सव्वादोन मिनिटांचा दर तेथेही लागू पडतो.

"पहिल्या उत्तराला किती वेळ दिलास?"

"चाळीस मिनिटं असतील."

"म्हणजे अठराचा माल चाळीसला घेतलास, आणि त्यातही निम्माच पदरात पडला."

आजोबांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती जमाखर्च पाहणाऱ्याच्याच डोळ्यांना दिसावी अशी होती. कोऱ्या राहिलेल्या प्रश्नातील पहिले चार गुण स्वस्त असतात. मुद्देसूद अशा दहा-बारा ओळींत ते मिळतात. भरलेल्या उत्तरातील सातवा गुण मात्र महाग असतो. त्यासाठी आणखी दोन पाने लिहिली तरी तो मिळेलच असे नाही. म्हणून एका उत्तराचे सोने करण्यासाठी दुसरे कोरे ठेवणे हा केव्हाही तोट्याचा व्यवहार. अठरा मिनिटे झाली की वाक्य पूर्ण करावे, चार ओळी मोकळ्या सोडाव्यात आणि पुढे जावे. शेवटी वेळ उरला तर परत यावे.

आता दुसरा हिशेब. दीर्घ उत्तर तीनशे ते साडेतीनशे शब्दांत अपेक्षित असते. अठरा मिनिटांपैकी तीन मिनिटे विचाराला आणि दोन मिनिटे वाचून पाहण्याला दिली, तर लिहिण्यासाठी तेरा मिनिटे उरतात. मिनिटाला पंचवीस शब्द धरले तर सव्वातीनशे शब्द होतात. म्हणजे शब्दमर्यादा आणि वेळमर्यादा एकमेकींशी जुळलेल्या आहेत. पाच पाने लिहिणाऱ्याने दोन्ही मोडलेल्या असतात.

परंतु बाईंचा शेरा वेळेबद्दल नव्हता. 'उत्तर कोठे आहे' या शब्दांचा अर्थ आजोबांना दुसऱ्या दिवशी पेढीवर बसल्यावर उमगला. संध्याकाळी त्यांनी नातीला विचारले, "आपल्याकडे रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या का असतात?"

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे ठाऊक होते. रोजमेळात जे जसे घडले तसे त्या क्रमाने उतरते: सकाळी अमुक आले, दुपारी तमुक गेले. खतावणीत त्याच नोंदी खात्यांनुसार वेगळ्या लावल्या जातात, आणि कोणाकडे किती येणे आहे हे मग एका दृष्टीत कळते.

"तू पाच पानं रोजमेळ लिहिलास बेटा. बाईंना खतावणी हवी होती."

इतिहासाच्या दीर्घ उत्तराचे मर्म एवढ्यात सामावलेले आहे. प्रश्न 'काय घडले' असा क्वचितच असतो. 'का घडले', 'कितपत खरे आहे', 'परीक्षण करा', 'मूल्यमापन करा' अशी प्रश्नाची भाषा असते. पहिल्या तीन मिनिटांत त्या क्रियापदाखाली रेघ ओढावी, उत्तर एका वाक्यात मनाशी ठरवावे, आणि ते वाक्यच परिच्छेदाच्या आरंभी लिहावे. त्यानंतर तीन किंवा चार खाती. प्रत्येक खात्याला एक परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदात आधी मुद्दा, मग त्याची पावती, म्हणजे सन, स्थळ, कायदा, आकडा किंवा दस्तऐवज, आणि शेवटी या पावतीने मूळ वाक्य कसे सिद्ध होते त्याची एक ओळ. ही शेवटची ओळ विद्यार्थी सर्रास विसरतात. पावत्यांचा गठ्ठा मेजावर ठेवला म्हणजे हिशेब झाला असे होत नाही.

परीक्षागृहात प्रश्नपत्रिका सव्वादहाला हाती पडते आणि लेखन साडेदहाला सुरू होते. मधली पंधरा मिनिटे केवळ वाचनाची. बहुतेक मुले ती धास्तीत घालवितात. पर्यायी प्रश्नांतील कोणता घ्यावयाचा, आणि तिन्ही दीर्घ उत्तरांचे एकेक मुख्य वाक्य कोणते, एवढे या वेळात ठरले, तरी पुढचे तीन तास सुलभ होतात.

हे समजणे सोपे, अंगवळणी पडणे अवघड. त्यासाठी घड्याळ लावून लिहिण्याला पर्याय नाही. येथे दादीजींची मदत झाली. दादीजी रोज सकाळी सामायिक करीत. सामायिकाचा काळ एका मुहूर्ताचा, म्हणजे दोन घटिकांचा, ४८ मिनिटांचा. त्यासाठी त्यांच्यापाशी वाळूची घडी होती. आजोबांनी सुचविले की दादीजी बसतील तेव्हाच नातीनेही शेजारच्या खोलीत लिहावयास बसावे. "सामायिकात संसाराचं काही आणू नका," दादीजींनी आधीच बजावले. "बाकी वाळू तर गळतेच आहे. तिच्याकडे कोणीही बघावं."

दोन दीर्घ उत्तरे आणि एक उतारा: १८, १८ आणि ९ मिळून ४५ मिनिटे. उरलेली तीन मिनिटे मागे वळून पाहण्यासाठी. दोन घटिका जागचे उठावयाचे नाही, पाणी मागावयाचे नाही, पुस्तक उघडावयाचे नाही. पहिल्या आठवड्यात वाळू संपे तेव्हा दुसरे उत्तर निम्म्यावर असे. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही उत्तरे होऊ लागली. हात दुखत असे, पण मन शांत होऊ लागले होते. दादीजींचे म्हणणे असे की पहिल्या सामायिकातही हेच होते. घडीकडे पाहणे थांबले म्हणजे सामायिक जमले.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक असा प्रश्न आला की त्याने केवळ मुलीची नव्हे, साऱ्या घराची परीक्षा घेतली. जुन्या प्रश्नांच्या संचातून आजोबांनी डोळे मिटून चिठ्ठी उचलली. तिच्यावर होते: '१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांचे परीक्षण करा.'

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील रयत जमली. त्यांनी दुकानदार व सावकार यांच्याकडे हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि त्यांची होळी केली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही सावकारांची घरेही पेटविली गेली. हे लोण पुण्याहून अहमदनगर जिल्ह्यात पसरले. दोन महिन्यांत तीसहून अधिक गावे त्यात सापडली. ज्यांच्या वह्या जळाल्या त्यांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी मोठ्या संख्येने होते. त्यांत जैन घराणीही होती.

या घराण्यातही ती आठवण होती. कोणा एका पूर्वजाचे दुकान खेड्यात होते, एका रात्री गावाने त्याच्या वह्या अंगणात आणून पेटविल्या, आणि घर पुन्हा शून्यातून उभे राहिले, असे मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. सांगणाऱ्याचा स्वर नेहमी अन्याय झालेल्याचा असे.

नातीने वाळू उलटी केली आणि लिहिले. तिने पाठ्यपुस्तकात जे वाचले होते ते जोमाने लिहिले: सावकार लोभी होते, त्यांनी व्याजावर व्याज लावले, रोखे बनावट केले, अडाणी रयतेला फसविले, म्हणून वह्या जळाल्या. आजोबांनी ते वाचले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याच माणसांविषयी असं लिहायचं? त्यांनी अडीनडीला पैसा दिला, बी-बियाणं दिलं, ते कुठे गेलं?"

दुसऱ्या दिवशी तिने तेच उत्तर पुन्हा लिहिले. या वेळी सरकारचा वाढता सारा आला, अमेरिकेतील यादवी युद्ध आले, कापसाची मंदी आली. सावकारांचा उल्लेख दोन ओळींत आटोपला. उत्तर वेळेत बसले, नीटनेटके झाले. आजोबा वाचून समाधानाने मान डोलविणार, तोच त्यांची दृष्टी मेजावरील पुस्तकावर गेली. उघड्या पानावर मिरजगावच्या एका रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरकडे केलेला अर्ज होता. मिरजगाव कर्जत तालुक्यातील. तेथील तूर आणि ज्वारी आजही यांच्या आडतीवर येते. त्या अर्जात म्हटले होते की उधारीवर कापड-धान्य घेतले तर रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त भाव लावला जातो. सावकार शेतातील माल खात्यावर जमा करू असे सांगून नेतात, पण वहीत तो जमा होत नाही. आणि पावती मागितली तर देत नाहीत.

"हे कालच्या उत्तरात होतं," आजोबा म्हणाले. "आज का गाळलंस?"

"वेळ नव्हता, दादाजी."

आजोबा तिच्याकडे पाहत राहिले. तिने मान खाली घातली. "तुम्हाला वाईट वाटलं होतं म्हणून," ती म्हणाली.

श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेख म्हणजे खोटा लेख करणे हा एक आहे. व्यापारी घरांत त्याचा अर्थ मुख्यतः वहीशी जोडला जातो. आलेला माल जमा न करणे हा कूटलेख. आजोबांच्या ध्यानात आले की दीडशे वर्षांपूर्वी ज्या सावकाराने रयतेची ज्वारी वहीत जमा धरली नाही, त्याने जे केले, तेच काल त्यांनी आपल्या नातीकडून करवून घेतले होते. एक नोंद गैरसोयीची होती, म्हणून ती वहीत आली नाही.

"चूक माझी झाली, बेटा," ते म्हणाले. "पण परवाचं उत्तरही पुरं नव्हतं. परवा तू एकाच बाजूची वही वाचलीस, काल दुसऱ्या. आता दोन्ही समोर ठेव आणि मग ताळा कर."

अनेकान्त हा शब्द प्रवचनांत पुष्कळदा कानी पडतो. तो वेळ लावून लिहिलेल्या उत्तरात कसा उतरतो, हे त्या घराने त्या दिवशी अनुभवले. सर्वांचेच थोडे थोडे खरे, असे गुळमुळीत बोलणे म्हणजे अनेकान्त नव्हे. प्रत्येक बाजू कोणत्या अपेक्षेने आणि कितपत खरी, हे नेमके सांगणे म्हणजे अनेकान्त. तिसऱ्या दिवशी नातीने जे उत्तर लिहिले त्याची खतावणी अशी होती.

आरंभीचे वाक्य: १८७५ च्या उठावात आग लागली ती सावकारांच्या वह्यांना, परंतु ती पेटली तीन कारणांनी: सरकारचा वाढविलेला सारा, अचानक आटलेले कर्ज, आणि रयतेविरुद्ध वापरला गेलेला लेखी करार.

पहिले खाते साऱ्याचे. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात रयतवारी पद्धत होती. तीस वर्षांची मुदत संपल्यावर नव्या आकारणीत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढविला गेला. तो रोखीने भरावयाचा, म्हणून रयतेला कर्जाशिवाय गत्यंतर नव्हते.

दुसरे खाते कापसाचे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडला तेथून येणारा कापूस थांबला. १८६२ पर्यंत इंग्लंडच्या कापूस आयातीत ९० टक्क्यांहून अधिक वाटा हिंदुस्थानचा झाला. मुंबईच्या निर्यात व्यापाऱ्यांनी शहरी सावकारांना आणि त्यांनी खेड्यातील सावकारांना पैसा पुरविला. रयतेला कापसाच्या लागवडीवर सहज उचल मिळू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. वाढीव सारा मात्र कायम राहिला.

तिसरे खाते रोख्यांचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य ठरविला. व्याज साचत जाऊ नये हा हेतू होता. परंतु दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेण्याची रीत पडली. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक मोडला. चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपये कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज आकारलेले आढळले. याच परिच्छेदात मिरजगावचा अर्ज आणि न दिलेली पावती आली. सावकाराने अडीला पैसा दिला ही गोष्ट खरी, आणि त्याने विश्वास मोडला ही गोष्टही खरी, असे तिने एका वाक्यात लिहिले.

चौथे खाते पुराव्याच्या तपासणीचे. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यात दोष सावकारांवर ठेवला गेला आणि वाढीव सारा हे कारण नाही असे म्हटले गेले. आकारणी वाढविणारे सरकार आपलाच दोष आपल्या अहवालात लिहील, ही अपेक्षा भाबडी ठरते. म्हणून अहवाल वाचावा, पण अर्ज, भावांचे आकडे आणि इतर कागद यांच्याशी पडताळून वाचावा. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने शेतकऱ्याला लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. ज्या गोष्टीचा अर्जात आक्रोश होता ती अखेर कायद्यात आली.

उत्तर सतराव्या मिनिटाला संपले. आजोबांनी वाचले आणि विचारले, "या वेळी काय काय गाळलंस?"

प्रश्न तिला नवा होता. तिने विचार करून सांगितले: इंग्रज अर्थतज्ज्ञांची साऱ्याविषयीची मीमांसा गाळली, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी कापसासाठी केलेली खटपट गाळली, १८३२ ते १८३४ चा दुष्काळ गाळला. ते सारे तिला येत होते, पण प्रश्नाच्या उत्तरात त्यांच्यावाचून अडत नव्हते.

येथे दोन प्रकारच्या गाळण्यांतील भेद स्पष्ट होतो. श्रावक परिमाण व्रत घेतो, तेव्हा जवळ असलेले सारेच वापरावयाचे नाही असे तो ठरवितो. अठरा मिनिटांचे उत्तर हेही एक परिमाणच आहे. दहा गोष्टी ठाऊक असताना चारच लिहिणे हा त्यातील संयम होय. पण त्या चार निवडताना कसोटी प्रश्नाची असली पाहिजे. आपल्याला सोयीच्या चार ठेवून गैरसोयीची पाचवी वगळली, तर तेथे परिमाण संपते आणि कूटलेख सुरू होतो. परीक्षकाला दोन्ही ठिकाणी सारखीच रिकामी जागा दिसते. का गाळले हे केवळ लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि घाईत ही कसोटी अधिकच लागते, कारण वेळ कमी असला की मनुष्याला आधी आपल्याच बाजूचे आठवते. शांतपणे महिनाभर लिहिणाऱ्याला स्वतःला दुरुस्त करावयास अवकाश असतो. अठरा मिनिटांत केवळ सवय उपयोगी पडते. म्हणून ही सवय लावणारी परीक्षा व्यापाराला निरुपयोगी असे म्हणणे कठीण आहे. दुकानातही गिऱ्हाईक समोर उभे असताना, माल काट्यावर असताना, फोन वाजत असतानाच खरेखोटे ठरवावे लागते.

त्या आठवड्यात आजोबांनी मुनीमजींना बोलावून एवढेच विचारले, की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या ज्या दिवशीच्या त्या दिवशी जातात ना? मुनीमजी म्हणाले, जातात. सौदे उशिरा झाले तर क्वचित दुसऱ्या दिवशी. "उशीर झाला तरी त्याच दिवशी द्या," आजोबा म्हणाले. कारण त्यांनी सांगितले नाही. मुनीमजींनीही विचारले नाही.

घरातली गोष्टही थोडी बदलली. जळालेल्या वह्यांची आठवण धाकट्या नातवंडांना आता सांगितली जाते, तेव्हा तीत मिरजगावचा अर्जही येतो. काकांना प्रथम ते रुचले नाही. "घरची गोष्ट घरच्यासारखी सांगावी," असे ते म्हणाले. दादीजींनी त्यांना एवढेच विचारले, "प्रतिक्रमणात आपण काय करतो रे? दुसऱ्याचे दोष आठवतो का?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत रोज वाळू उलटत राहिली. परीक्षेच्या दिवशी दख्खनच्या दंग्यांवर प्रश्न आलाच नाही. एक दीर्घ प्रश्न विजयनगरच्या पाणीव्यवस्थेवर होता. तिन्ही दीर्घ उत्तरे झाली, नकाशाही झाला, आणि शेवटी सात-आठ मिनिटे हातात राहिली. घरी आल्यावर काकांनी दारातच विचारले, "किती पडतील?" आईने विचारले, "सगळं लिहिलंस ना?" आजोबा झोपाळ्यावर बसून होते. त्यांनी आपला प्रश्न विचारला.

"काय गाळलंस?"

"विजयनगरमध्ये कमलापुरम तलाव घेतला, हिरिया कालवा घेतला," नात म्हणाली. "परदेशी प्रवाशांनी केलेली बाजाराची वर्णनं गाळली. प्रश्न पाण्याचा होता."

"आणि?"

"आणि दुसऱ्या उत्तरात एक सन गाळला, दादाजी. तो जागेसाठी नाही गाळला." ती क्षणभर थांबली. "तो मला आठवलाच नाही."

आजोबा हसले आणि झोपाळ्यावर सरकून त्यांनी तिला बसावयास जागा केली.